दाजी, तुमचं घड्याळ पुन्हा घाटात लागलं

प्रिय दाजी,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. तशी वेळच आली नाही. फोन तुमचाच यायचा आणि बोलायचं कामही तुमचंच असायचं. "काय मेव्हणं, चालू हाय का बंद?" असं विचारायचात. मी "चालू" म्हटलं की पुढे मला फक्त "हं, हं" करायचं असायचं. आज मला बोलायचंय आणि "हं" म्हणायला तुम्ही नाही.

परवा निरगुडसरची यात्रा झाली. काल मी माझ्या गावी, आण्याला परत आलो. घरी, शाळेच्या ऑफिसात, सगळ्यांना यात्रेचं सांगून झालं. पण जे खरं सांगायचंय ते कुणी ऐकून घेत नाही. मी "सर्व्हिस पॅक" एवढं म्हटलं की घरी सुनीता चहा ठेवायला उठते. हेडमास्तर "असं का?" म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. मग सांगू कुणाला? "पुढं? मंग पुढं काय झालं?" असं विचारणारा माणूस एकच होता.

म्हणून आधी बातमी सांगतो. तुमचं घड्याळ घाटात लागलं, दाजी! जुन्याच विंडोजवर लागलं.

मला बैलगाड्यांचं वेड कधीच नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मला घाटात, गाडे पळतात त्या चढावर, घेऊन जायचात आणि मी सावली शोधायचो. पण तुमचं घड्याळ बघायला मला आवडायचं. त्याआधी सेकंद हातातल्या घड्याळावर मोजायचे. बारी सुटली, म्हणजे गाडा घाट चढायला निघाला, की खाली कोंडाजी नाना निशाण टाकून खूण करणार, वर दुसरा बटण दाबणार, आणि गाडा वर पोचला की दोन्ही बाजू एकमेकांच्या अंगावर! "आमचा गाडा बारात आला, तुम्ही तेरा कसं लिवलं?" त्यापायी भावकीत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

तुम्ही टीव्ही आणि मोटारीचे स्टार्टर दुरुस्त करणारे. तुम्ही घाटाच्या खाली एक सेन्सर लावलात, वर एक लावलात. बैलांनी खालचा ओलांडला की आकडे सुरू, वरचा ओलांडला की बंद. वायरी कॉम्प्युटरला, आणि कॉम्प्युटरमधून लाल आकड्यांचा मोठा बोर्ड, सगळ्या यात्रेला दिसेल असा. प्रोग्रॅमसुद्धा तुम्ही स्वतः लिहिलात. त्या वर्षी म्हणे भांडण झालंच नाही, आणि लोकांना जरा चुकल्यासारखं वाटलं.

कोंडाजी नानांचं निशाण मात्र तुम्ही काढून घेतलं नाहीत. सेन्सर आला तरी बारी सुटताना नाना निशाण टाकणारच. "घड्याळ माझं, घाट नानांचा," असं म्हणायचात. हे मला तेव्हा फार आवडलं होतं. बोललो नव्हतो.

मग शर्यतींवर बंदी आली. गाडामालक बैल जपत बसले आणि तुम्ही कॉम्प्युटर जपत बसलात. दर अमावास्येला कापड काढायचं, चालू करायचा, सेन्सरपुढून हात फिरवायचा, आकडे पळाले की बंद. ताई म्हणायची, "यवढी माझी इचारपूस केली असती तर!" त्यावर तुम्ही म्हणायचात, "तू काय बंद पडती व्हय?"

बंदी उठली तेव्हा तुमचा फोन आला होता. मी "अभिनंदन" म्हणालो. एवढंच सुचलं.

दिवाळीनंतर तुम्ही गेलात. दुकान उघडलंत, पायरीवर बसलात आणि बसल्या जागी गेलात. कुणाला काही करायची संधीच दिली नाहीत. इतकी काय घाई होती हो?

त्यानंतर ताईनं दुकानाचं शटर खाली ओढलं ते ओढलंच. दळण आणायलासुद्धा शेजारणीला सांगायची. मुलगी सासरी नाशिकला, घरात ही एकटी. मी दर रविवारी यायचो आणि दर रविवारी तेच म्हणायचो, "ताई, चल आण्याला. खोली रिकामी आहे." ती म्हणायची, "यात्रा हून जाऊ दे. मंग बघू." मला वाटलं, टाळतेय. मी मनात खोलीला रंगसुद्धा देऊन टाकला होता.

यात्रेआधी कमिटीचे रामदास अण्णा घरी आले. मी होतो तेव्हा. अण्णा पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ताई, आवंदा घड्याळ भाड्यानं आणावं म्हणतो. त्यांचा माणूस येतो, समदं तोच बघतो. तुमाला तरास नको."

ताई दारातच उभी होती. म्हणाली, "तरास कसला? कॉम्प्युटर हाय, सेन्सर हाय. ह्यांचं घड्याळ लागलं तर लावा. न्हाई लागलं तर आणा दुसरं. पर मंग मला बोलावणं धाडू नका."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

"बरं," अण्णा म्हणाले. "यात्रेच्या आदल्या रविवारी घाटात लावून दावा. चाललं तर चाललं."

अण्णा गेल्यावर ताईनं तुमच्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं. तो चालूच होईना. दिवाळीपासून कुणी हात लावला नव्हता, आणि आतली हार्ड डिस्क गेली होती. दुसऱ्या दिवशी ती शेजाऱ्याच्या गाडीत बसून स्वतः मंचरला गेली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा घराबाहेर पडली, तीही तुमच्या कॉम्प्युटरसाठी. तिथल्या दुकानदारानं नवी डिस्क टाकली आणि प्रेमानं नवी कोरी विंडोजही घालून दिली. "वहिनी, एकदम लेटेस्ट टाकलंय," असं म्हणाला. त्याचं काही चुकलं नाही. त्याला कुठं माहीत, की तुमचा प्रोग्रॅम त्या नव्यात बसणारच नाही?

ताईचा मला फोन आला. "अशोक, कॉम्प्युटर चालू झालाय. पर ह्यांचं घड्याळ त्यात न्हाई."

मी रजा टाकली आणि आळेफाट्याहून गाडी धरली.

दाजी, मी शाळेतला क्लार्क. दाखले टाइप करणं, पगाराची बिलं भरणं, एवढीच माझी कॉम्प्युटरशी ओळख. विंडोज टाकताना मी फक्त तुम्हाला बघितलं होतं, आमच्या शाळेतले कॉम्प्युटर करायला तुम्ही आला होतात तेव्हा. आमटी-भाकरी खाऊन बसलात ते सगळे कॉम्प्युटर होईपर्यंत उठला नाहीत. मी म्हणालो होतो, सगळे अपडेट एकदम का नाही टाकत? तुम्ही म्हणालात, "पंगतीत समदे एकदम बसवले तर वाढणाऱ्यानं काय करावं? एकाला बसू दे, जेवू दे, हात धू दे. मंग दुसरा." ते डोक्यात राहिलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी सुरुवात केली.

तुमच्या पत्र्याच्या डब्यात विंडोज सेव्हनची जुनी डीव्हीडी मिळाली, सेन्सरच्या शेजारी. तुमच्या प्रोग्रॅमची सीडीही तिथेच. नवी विंडोज पुसणं माझ्या जिवावर आलं, खरं सांगतो. चांगली चालणारी वस्तू आपण पुसतोय आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची बसवतोय! ताई शेजारी स्टुलावर बसून बघत होती. म्हणाली, "पूस. ह्यांनी लई येळा पुसलंय."

जुनी विंडोज बसली. ती चार रंगांची खिडकी उगवली तेव्हा ताईनं पदर डोळ्यांना लावला. मी पडद्याकडेच बघत राहिलो. तुमचा प्रोग्रॅमही चालू झाला. पण बोर्ड पेटेना! बोर्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, म्हणाला, आधी सर्व्हिस पॅक, अपडेटांचा गठ्ठा, टाका. अपडेटशिवाय मी बसणार नाही.

मोबाइलवरून इंटरनेट जोडलं आणि अपडेट शोधायला लावले. हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे पळायला लागली. पळतेय, पळतेय, सापडत काहीच नाही. जेवण झालं, पट्टी पळतेय. दुपारची झोप झाली, पट्टी पळतेय. ताई म्हणाली, "ह्याच्यापरीस आपला बैल बरा. दमतो तरी."

मग मी मोबाइलवर शोधून शोधून वाचलं तेव्हा कळलं. जुन्या विंडोजमध्ये अपडेट शोधणारा जो भाग असतो, तोच जुना झालेला असतो. आधी त्याला एक छोटा अपडेट हातानं द्यावा लागतो. तो शहाणा झाला की मग बाकीचे त्याला सापडतात. हे तुम्हाला नक्की माहीत असणार! कधी बोलला नाहीत, कारण मी कधी विचारलं नाही.

तो छोटा टाकला. रिस्टार्ट. सर्व्हिस पॅक टाकला. रिस्टार्ट. मग एकेक करून बाकीचे, तुमच्या पंगतीच्या नियमानं. प्रत्येकानंतर मी प्रोग्रॅम उघडून बघायचो, चालतोय ना. ताईला तोपर्यंत सगळं कळायला लागलं होतं. स्वयंपाकघरातून विचारायची, "हात धुतला का रं त्यानं?"

आणि बोर्ड पेटला, दाजी! ते मोठे लाल शून्य भिंतीवर उजेड पाडत उभे राहिले. शेजारची पोरंसोरं, बायका, सगळे बघायला आले.

पण खरी अडचण पुढेच होती. अंगणात शेवग्यापाशी एक सेन्सर लावला, फाटकापाशी दुसरा. मी हातात घड्याळ घेतलं आणि चालून बघितलं. बोर्डावर जवळजवळ एक सेकंद जास्त आला! घाटात सेकंदाच्या शंभराव्या भागावरून गाडे मागे-पुढे होतात. तिथे एक सेकंद म्हणजे काय? पुन्हा चाललो. या वेळी बरोबर. पुन्हा बरोबर. म्हटलं, पहिल्यांदा माझाच हात चुकला असेल. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चाललो. पहिला पुन्हा चुकलेला! पुढचे सगळे अचूक.

मला वाटलं, कुठला तरी अपडेट वाईट आहे. शेवटचा काढला. तेच. त्याच्या आधीचा काढला. तेच. शेवटी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून विंडोज बसवली. पुन्हा तेच. आणखी एकदा पुसायला बसलो तेव्हा ताई म्हणाली, "किती पुसशील? पाटी हाय का ती?"

रविवार जवळ आला होता. मी तिला म्हणालो, "ताई, मला नाही जमणार. अण्णांना सांगून टाकू."

तिनं ऐकलं आणि सेन्सरची वायर गुंडाळायला लागली. तिला तशी बघून मला वाटलं, झालं, आता ही गुपचूप आण्याला येणार. मला तेच हवं होतं ना? पण दाजी, त्या क्षणी मला ते अजिबात नको होतं.

तेवढ्यात कोंडाजी नाना आले. काठी टेकत अंगणात उभे राहिले. "काय लागलं का घड्याळ?"

मी सांगितलं. पहिली बारी चुकते, बाकी बरोबर येतात. पहिलीचं काय ते कळत नाही.

नाना माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी येडा आहे. "आरं, मंग पहिली मोजायची कशाला? पहिली देवाची असती की!"

मला समजेना. नाना खाली बसले, तंबाखू काढली. "आपल्या घाटात पहिली बारी भैरवनाथाची. गुलाल टाकलेला गाडा, कुणाची इर्षा न्हाई, सेकंद कुणी लिवत न्हाई. दाजी तिथं काय करायचं? बोर्डाकडं बघायचंबी न्हाईत. म्या एकदा इचारलं, देवाच्या बारीला बोर्ड कशापायी लावला? तर म्हणलं, नाना, माझं घड्याळबी पयल्यांदा देवाच्या पाया पडतंय."

दाजी! म्हणजे ही चूक पहिल्यापासून होती! तुम्हाला माहीत होती! इतकी वर्षं तुम्ही प्रोग्रॅम दुरुस्त केला नाहीत. भैरवनाथालाच कामाला लावलंत! आणि इकडे मी निरपराध अपडेटांना शिव्या देत बसलो होतो. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एका शब्दानं सांगितलं असतंत तर?

पण ताई हसत होती. वायरीचं भेंडोळं मांडीवर घेऊन, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "आन् मला सांगायचं," ती म्हणाली, "की माझं घड्याळ कधी चुकत न्हाई!" दिवाळीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. मग माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

रविवारी घाटात लावून दाखवलं. पहिल्यांदा नानांनाच चालत पाठवलं आणि तो आकडा सोडून दिला. पुढचे बरोबर आले. अण्णा म्हणाले, "लागलं म्हणायचं."

यात्रेच्या सकाळी मी ताईला म्हणालो, "चल." ती म्हणाली, "तू जा. मी हितनंच भोंग्यावर ऐकते. दुपारी भाकरी आणून देईन." मी आग्रह केला नाही. आग्रह करणं मला येतच नाही.

देवाची बारी झाली. गुलालात काही दिसतही नव्हतं. बोर्डावर काहीतरी आलं, मी बघितलं नाही. मग एकेक गाडा सुटायला लागला. भिर्रर्र! पुकारणारा माझ्या शेजारी उभा राहून ओरडत होता, "झाली, झाली, झाली!" आणि त्याच्या मागून सेकंद मी सांगायचे. माझ्या हातात माईक! मी सांगितलं, ते माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. गर्दीतून आवाज आला, "वाचा बसली का काय घड्याळवाल्याची?" दुसरा म्हणाला, "आरं, दाजींचा मेव्हणा हाय त्यो. दाजींनी बोलूच दिलं न्हाई त्याला!" सगळे हसले. मलाही हसू आलं.

दुपारी वीज गेली. तुमच्या त्या बॅटरीच्या डब्यानं, यूपीएसनं, एकदा टिटिट् केलं आणि तोही गेला. मी सगळं तपासलं होतं आणि नेमकी ती बॅटरी तपासली नव्हती. जनरेटर सुरू झाला, मी कॉम्प्युटर चालू केला. आणि पडद्यावर काय आलं? अपडेट बसवले जात आहेत. कॉम्प्युटर बंद करू नका.

घरी इंटरनेट जोडलं होतं तेव्हा तो कुठला तरी शेवटचा अपडेट घेऊन बसला होता, आणि आता त्याला पंगतीत बसायचं होतं! खाली बैल जुंपलेले, तापलेले. गाडा कुणाचा? खुद्द अण्णांचा!

"सोडा की आता!" अण्णा खालून ओरडले.

पुकारणाऱ्यानं माझ्या पडद्याकडे बघितलं. त्याला वाटलं, लोकांना काहीतरी सांगत राहिलं पाहिजे. त्यानं माईक घेतला. "मंडळी, थांबायचं हाय! कॉम्प्युटरची बारी सुटलेली हाय! वीस टक्के झाली! झाली, झाली, पस्तीस टक्के झाली! आरं, आडकली, आडकली..." सगळा घाट हसायला लागला. साठ टक्क्यांवर तो अडला तेव्हा लोकांनीच ओरडून त्याला ढकलला. शंभर झाले तेव्हा टोप्या उडाल्या.

प्रोग्रॅम उघडला. लाल शून्य आले. अण्णांनी हात वर केला. नानांनी निशाण उचललं.

आणि मला आठवलं. आता सुटेल ती पहिली बारी. ती चुकणार.

मी माईक हातात घेतला आणि ओरडलो, "थांबा!" दाजी, इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी बोललो नसेन. नानांचं निशाण तसंच वर राहिलं. "घड्याळ नव्यानं चालू झालंय. पहिला आकडा बरोबर येत नाही. आधी कुणीतरी एकानं खालून वर चालत या. एकानंच."

एक म्हटलं तर पाच-पन्नास पोरं धावली. नाना निशाणाची काठी आडवी धरून उभे राहिले. "एकानं म्हणलंय! जत्रा न्हाई!" त्या गोंधळात मला दिसलं, खालच्या सेन्सरपाशी लिंबाखाली ताई उभी आहे. माझी भाकरी घेऊन आली होती. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी नानांच्या हातात दिली, पदर खोचला आणि सेन्सरपुढून घाटात पाऊल टाकलं. आकडे पळायला लागले.

कमिटीतला एक जण माझ्याजवळ पुटपुटला, "बाईमाणूस घाटात, आन् तेबी नवरा गेल्यावर आसं..." नानांना तेवढ्या लांबून कसं कळलं कोण जाणे. खालून ओरडले, "घड्याळ तिच्या नवऱ्याचं हाय! दुसरं कोण चालणार?"

ती चालत होती. चढ आहे, मांडीला त्रास आहे तिच्या, सावकाश चालत होती. दोन्ही बाजूंनी माणसं. आधी सगळे माना लांब करून बघत होते. मग एक म्हातारी ओरडली, "चल गं बाई, चल!" मग टाळ्या सुरू झाल्या. पुकारणाऱ्यानं माईक माझ्या हातातून घेतला, पण त्यालाही "झाली, झाली" म्हणवेना. तो नुसताच म्हणाला, "दाजींच्या घरातली बारी आली हो."

बोर्डावर नव्वद झाले, पंच्याण्णव झाले. आणि तुमच्या बोर्डाला सेकंदांची दोनच घरं! नव्याण्णवनंतर तो पुन्हा शून्यावर आला. ताईनं वरचा सेन्सर ओलांडला तेव्हा बोर्डावर किती होते माहीत आहे? चार! चार सेकंद!

अख्खा घाट उठला. "चार सेकंदात आली! घाटाची राणी!" कुणीतरी तिच्यावर गुलाल टाकला. ती दम लागून टेबलाला धरून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "अशोक, बरोबर चाललंय ना रं घड्याळ?"

त्यानंतर अण्णांचा गाडा सुटला. आकडा चोख आला. अण्णांना वाटला होता त्याहून जास्त आला, पण ते भांडायला वर आले नाहीत. भाकरी मात्र नानांनी खाऊन टाकली होती.

काल सकाळी मी निघायच्या तयारीत होतो. मोठी पिशवी आणली होती, ताईचे कपडे भरायला. शटरचा आवाज आला म्हणून बाहेर गेलो. ताई दुकान झाडत होती. म्हणाली, "पेठवालं आलं व्हतं सकाळच्याला. त्यांच्या घाटाला घड्याळ पायजे. मी हो म्हणलं. बॅटरी तेवढी नवी लागंल."

मी विचारलं, "आणि आण्याला यायचं?"

"तूच ये की," ती म्हणाली. "सेकंद कोण सांगणार?"

मग मला अडचण सुचली. पेठला देवाची बारी नसते म्हणे. तिथे पहिलाच गाडा मोजायचा असतो. मी म्हणालो, "ताई, मग पहिली बारी कुणाची?"

ती केरसुणी हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, "मी हाय की."

दाजी, रिकामी पिशवी घेऊन मी घरी आलो. आज शाळेत मधल्या सुट्टीत तुमच्या प्रोग्रॅमची सीडी उघडून बघितली. पहिला आकडा का चुकतो ते मला सापडलंय असं वाटतं. दोन ओळी खालच्या वर केल्या की झालं. अवघड काही नाही.

पण तुम्हाला शब्द देतो. बॅटरी नवी घालीन, अपडेट आपोआप घ्यायचं बंद ठेवीन, माईकवर पोटातून बोलीन, जिथे घड्याळ लागेल तिथे रजा टाकून येईन. त्या दोन ओळींना मात्र मी हात लावणार नाही.

तुमचा मेव्हणा,
अशोक